दीड तास हात वर करून उभा होतो

मे 2024, लोकसभेचा प्रचार. टीव्ही चॅनेलच्या कार्यक्रमाच्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत "उमेदवार समोरासमोर, सायं. 6 वा." लिहिलेलं. कांद्याच्या लिलावातून परस्पर तिकडेच गेलो. ट्रॅक्टर पुतण्याच्या हवाली केला, पोटात सकाळची भाकरी तेवढी. म्हटलं पाच वर्षांनी एकदा तावडीत सापडतायत, तर विचारून घेऊ.

डोंबलाचे समोरासमोर! स्टेजवर दोन्ही मोठ्या उमेदवारांच्या नावाच्या पाट्या, आणि पाटीमागे कोण? एकीकडे तालुकाध्यक्ष. दुसरीकडे शहरातून आणलेला प्रवक्ता, त्याला आमच्या गावाचं नाव धड घेता येत नव्हतं. "साहेब सभेत अडकलेत." दोघांचेही साहेब, एकाच वेळी! एक अपक्ष तेवढा स्वतः आला होता, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. त्या बिचाऱ्याने तोंड उघडलं की जाहिरातीची वेळ व्हायची.

बरं, वरूनच ही रीत. त्याच लोकसभेला निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, ए. पी. शहा आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधींना पत्र लिहिलं, की एका व्यासपीठावर या आणि लोकांसमोर बोला. राहुल गांधींनी होकार कळवला. भाजपकडून पुढे कोण केलं, तर युवा मोर्चाचा उपाध्यक्ष. ती चर्चा काही झालीच नाही. देशाची ही गत, म्हणजे आम्हाला तालुकाध्यक्ष मिळाला हे आमचं भाग्यच म्हणायचं!

आता माझा प्रश्न. दारात चिठ्ठ्या दिल्या होत्या, "प्रश्न लिहा, निवडक घेऊ." शेजारच्याचं पेन मागून लिहिलं: 4 मेला कांद्याची निर्यातबंदी उठवली म्हणता, मग टनाला 550 डॉलर किमान भावाची अट आणि वर 40 टक्के शुल्क कशाला? म्हणजे 770 डॉलर. डॉलरच्या तेव्हाच्या दराने बंदरातून निघेपर्यंत किलोला 64 रुपयांच्या आसपास. बाहेरचा गिऱ्हाईक त्या भावात आमचा कांदा घेईल की पाकिस्तानचा? आणि डिसेंबरपासून बंदी होती तेव्हा एप्रिलमध्ये गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला वाट मोकळी झाली, ती कशी? सत्तेतल्यांनी ह्याचं उत्तर द्यावं. विरोधातल्यांनी, तुम्ही आलात तर शुल्क काढणार का, हो की नाही, एवढंच सांगावं. झालं. दोन मिनिटांचं काम.

त्या चिठ्ठ्या एका कॅरीबॅगेत गोळा केल्या आणि ती अँकरच्या खुर्चीला अडकवली. शेवटपर्यंत तिची गाठ सुटली नाही! नजर काढली नाही मी तिच्यावरून.

त्याऐवजी काय झालं? मे महिन्यात कोट घातलेला तो अँकर घामाने निथळत ओरडतोय, "जनतेला उत्तर हवंय!" अरे, जनता समोर बसलीय, तिला विचार की काय हवंय! पुढच्या तीन रांगांत दोन्हीकडची उपरणेवाली पोरं, बोलेरोत भरून आणलेली. एकाने "सत्तर वर्षांत काय केलं" म्हटलं की दुसरीकडून "दहा वर्षांत काय केलं". मग घोषणा, मग माईकची शिट्टी. गद्दार कोण, खरा पक्ष कुणाचा, चिन्ह कुणाचं, ह्यावर चाळीस मिनिटं. चाळीस! कांद्यावर एक वाक्य आलं, तेही प्रवक्त्याकडून: "बळीराजा आमच्या काळजात आहे." काळजात ठेवून काय करतोस बाबा, तिथे भाव फुटतो का?

मी उठून हात वर केला. एक पोरगा आला, "काका, बसा, कॅमेऱ्यात येताय." बसलो नाही. हात दुखला की बदलायचा, एवढंच.

घरी आलो तर कांदाचाळीत उन्हाळ कांदा तसाच पडलेला, खालच्या थराला पाणी सुटायला लागलंय. बायकोने विचारलं, काय म्हणाले? काय सांगू, शिट्टी वाजली म्हणून सांगू?

आज सकाळी पुतण्याने क्लिप पाठवली. दोघं एकमेकांवर बोट रोखून उभे, खाली ढोल-ताशाचं संगीत. वर त्याचा मेसेज, "काका, मागे तुम्ही दिसताय."

दिसतोय खरा. डावा हात वर आहे.