‘कंपन्यांची करकपात झाली म्हणून मंदी हटली’: एका फिरत्या दाव्याचा हिशेब

मंदीचा विषय निघाला आणि कोणी पुढाऱ्यांना किंवा बड्या कंपन्यांना बोल लावला की एक ठरावीक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. शब्द दर वेळी थोडे बदलतात, पण गोषवारा असा असतो: २०१९ मधली मंदी बरीचशी बोलाचीच होती, जी काही होती ती सरकारने कंपन्यांचा कर कमी करून वेळीच रोखली, त्यामुळे तिजोरीचे काही बिघडले नाही, उलट करवसुली वाढली, वाचलेल्या पैशांतून कंपन्यांनी कारखाने उभारले आणि नोकऱ्या दिल्या, म्हणजे जे त्यांना मिळाले ते फिरून आपल्यालाच मिळाले. तेव्हा चिडणाऱ्यांना एक तर अर्थशास्त्र कळत नाही, नाही तर दुसऱ्याचे बरे झालेले बघवत नाही.

ज्या निर्णयाबद्दल हे चालले आहे तो २० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत, वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीआधी, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केला. सवलती आणि वजावटी सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आला, आणि १ ऑक्टोबर २०१९ नंतर स्थापन होणाऱ्या नव्या उत्पादक कंपन्यांसाठी तो १५ टक्के झाला. सरकारने स्वतःच सांगितले की यामुळे वर्षाला सुमारे १.४५ लाख कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल. त्या दिवशी सेन्सेक्स १,९२१ अंकांनी उसळला.

आता मंदी बोलाचीच होती का, हे आधी पाहू. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घटली, दुचाकींची २२ टक्क्यांनी आणि व्यापारी वाहनांची ३८ टक्क्यांहून अधिक. त्यावर अर्थमंत्र्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक असे की नवी पिढी गाडीच्या हप्त्यांत अडकण्यापेक्षा ओला-उबर पसंत करते. ट्रक घेणारा वाहतूकदार कोणत्या ओलाने माल पाठवू लागला होता, याचा खुलासा काही झाला नाही. पुढच्याच महिन्यात, विधानसभेच्या निवडणुकीची धामधूम सुरू असताना, तेव्हाचे केंद्रीय कायदामंत्री रविशंकर प्रसाद यांनी मुंबईत सांगितले की तीन चित्रपटांनी एका दिवसात १२० कोटी कमावले, मग मंदी कुठे आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते विधान मागे घेतले. विधान मागे घेण्याचा मोठेपणा मान्य करावाच लागेल, पण लोकांच्या रागाचे मूळ शोधायचे असेल तर ते अशा वाक्यांत सापडते. ज्याची कारखान्यातली कामाची पाळी बंद झाली आहे त्याला त्याची अडचण खरी नसल्याचे सांगितले जात होते.

त्या काळात मी पुण्याजवळच्या भोसरीतल्या काही लहान वर्कशॉपचे हिशेब पाहत असे. त्यांतल्या एका शेडमध्ये दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी ही संगणकावर चालणारी यंत्रे आणि नऊ माणसे होती, आणि गिअरबॉक्सच्या एका भागाचे जॉबवर्क चाले. त्या ऑगस्टचे शेड्यूल, म्हणजे महिन्याभरात किती माल हवा त्याचे वेळापत्रक, आले तेव्हा काम देणाऱ्या वरच्या कंपनीत ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस उत्पादन पूर्ण बंद, असल्यामुळे पहिले दोन आठवडे जवळजवळ कोरे होते. रात्रपाळी बंद झाली ती मला विक्रीच्या आकड्यांआधी चहाच्या खात्यावरून कळली, कारण दर शनिवारी चुकती होणारी चहावाल्याची रक्कम अर्ध्यावर आली होती. वीजबिलातली युनिटेही निम्म्यावर आली, वापर कितीही असो भरावा लागणारा मागणी आकार मात्र होता तेवढाच राहिला. माणसे कमी करण्यापूर्वी लहान मालक काय काय कापतो याची यादी त्या तीन महिन्यांच्या खतावणीत क्रमाने वाचता येत होती: आधी ओव्हरटाइम, मग टूलिंगची खरेदी, मग स्वतःचा पगार, आणि शेवटी ठेकेदाराकडची दोन मुले.

या शेडला करकपातीचे काय मिळाले, हा प्रश्न मजकुरातल्या दुसऱ्या मुद्द्याशी, म्हणजे कपातीने मंदी रोखली या दाव्याशी, थेट जोडलेला आहे. ती भागीदारी संस्था होती आणि भागीदारी संस्थांचा ३० टक्के दर तसाच राहिला, म्हणून उत्तर शून्य असे आहे. त्याच गल्लीतली दुसरी शेड प्रायव्हेट लिमिटेड होती. पण ४०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांचा दर त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पापासून २५ टक्के होता, आणि उत्पन्न एक कोटीच्या आत असल्याने अधिभार, म्हणजे करावरचा जादा कर, नव्हता, म्हणजे उपकर धरून २६ टक्के. नव्या पर्यायात २२ टक्क्यांवर १० टक्के अधिभार सक्तीचा, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे २५.१७ टक्के. १८ लाखांच्या नफ्यावर वाचणार होते साधारण पंधरा हजार रुपये, आणि त्यासाठी नव्या मशीनवरचा जादा घसारा, म्हणजे करपात्र नफ्यातून मिळणारी वजावट, कायमचा सोडावा लागणार होता. मालकाने मला विचारले, ‘साहेब, ही सवलत आहे की परीक्षा?’ आम्ही तो पर्याय घेतला नाही. दहा कोटींहून अधिक उत्पन्न असलेल्या बड्या कंपनीचा दर मात्र अधिभार आणि उपकरासह ३४.९४ टक्क्यांवरून त्याच २५.१७ टक्क्यांवर आला. एकाच घोषणेत एकाचा पाऊण टक्का आणि दुसऱ्याचे पावणेदहा टक्के, आणि दोघांनाही सांगितले गेले की उद्योगांना दिलासा मिळाला.

याहून मूलभूत अडचण अशी की हा कर नफ्यावर असतो, त्यामुळे त्यातली सवलत ज्याला नफा आहे त्यालाच पोचते, आणि मंदीत ज्याचा धंदा बसला त्याला नफाच नसतो. शिवाय २०१८-१९ पासून जे अडले होते त्याचे कारण कराचा दर नव्हते. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या मुंबईतल्या वित्तसमूहाने एकामागोमाग हप्ते थकवल्यावर बिगरबँक वित्तसंस्थांचा पैशाचा झरा आटला, आणि ट्रक, ट्रॅक्टर आणि दुचाकी घेणारे जे ग्राहक याच संस्थांच्या कर्जावर अवलंबून होते त्यांचे अर्ज अडकून राहिले. त्याच महिन्यापासून नव्या दुचाकीवर पाच वर्षांचा आणि मोटारीवर तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकरकमी भरावा लागू लागला. नोटाबंदी आणि घाईत लागू झालेला जीएसटी यांतून लहान धंदे पुरते सावरलेही नव्हते. गिऱ्हाईकच नसताना कंपनीचा कर कमी केला तर कंपनीची शिल्लक वाढते, गिऱ्हाईक वाढत नाही. आकडेही तेच सांगतात. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या तात्पुरत्या अंदाजानुसार २०१९-२० ची वाढ ४.२ टक्के होती आणि जानेवारी ते मार्च २०२० या तिमाहीची ३.१ टक्के, आणि टाळेबंदी त्या तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात लागली. मंदी रोखली गेली असती तर ती घसरण आधीच्या महिन्यांत दिसली नसती. त्यानंतरचे सगळे आकडे करोनाने इतके ढवळले की त्यांतून करकपातीचे श्रेय वेगळे काढणे प्रामाणिकपणे कोणालाच जमणार नाही, मजकूर लिहिणाऱ्यालाही आणि मलाही.

तिजोरीच्या मुद्द्यात मात्र अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करायला हवे. कंपनी कराची वसुली २०१८-१९ मध्ये सुमारे ६.६३ लाख कोटी होती आणि २०२३-२४ मध्ये ती ९.११ लाख कोटींवर गेली. पण मधली वर्षे वगळून हा आकडा सांगणे म्हणजे पहिले आणि शेवटचे पान वाचून कादंबरी सांगणे. २०१९-२० मध्ये वसुली ५.५६ लाख कोटींवर आणि पुढच्या वर्षी ४.५७ लाख कोटींवर घसरली, आणि संसदेच्या अंदाज समितीसमोर या दोन वर्षांतला कपातीमुळे गमावलेला महसूल सुमारे १.८४ लाख कोटी असल्याचे आले. शिवाय पाच वर्षांत महागाई आणि अर्थव्यवस्थेचा आकार दोन्ही वाढतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले तर कंपनी कर सुमारे साडेतीन टक्क्यांवरून तीन टक्क्यांच्या आसपास उतरला, आणि व्यक्तींचा प्राप्तिकर अडीच टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांच्या आसपास चढला. २०२३-२४ मध्ये पगारदार, व्यावसायिक आणि लहान व्यापारी मिळून कंपन्यांपेक्षा अधिक कर भरत होते, सुमारे १०.४ लाख कोटी.

पेट्रोल आणि डिझेल हा त्याच हिशेबाचा दुसरा कागद आहे, आणि मजकूर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मार्च आणि मे २०२० मध्ये, कच्चे तेल मातीमोल झाले असताना, केंद्राने उत्पादन शुल्क दोनदा वाढवले. पेट्रोलवरचे शुल्क लिटरमागे १९.९८ रुपयांवरून ३२.९८ झाले, डिझेलवरचे १५.८३ वरून ३१.८३. तेल स्वस्त झाल्याचा फायदा पंपापर्यंत आलाच नाही. मे महिन्यातली वाढ विशेष अतिरिक्त शुल्क आणि रस्ते उपकर या स्वरूपात होती, ज्यांत राज्यांना वाटा नसतो. कंपनी कर मात्र वाटपात येणारा कर आहे, आणि करकपात झाली तेव्हा त्यात राज्यांचा हिस्सा ४२ टक्के होता. म्हणजे कपातीचा भार राज्यांवरही पडला आणि वाढीचा पैसा केंद्राकडेच राहिला. तिजोरीचे काही बिघडले नाही असे म्हणणाऱ्याने कोणाच्या तिजोरीचे, एवढे तरी सांगावे.

गुंतवणूक आणि नोकऱ्या यांबद्दल मी विरोधी पक्षाचे आकडे देणार नाही, सरकारचेच देतो. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणी अहवालाने ३३ हजारांहून अधिक कंपन्यांच्या नमुन्यावरून सांगितले की २०१९-२० ते २०२२-२३ या काळात त्यांचा करपूर्व नफा जवळपास चौपट झाला, आणि लगेच विचारले की भांडवलनिर्मितीसाठी कर कमी केला होता, त्याला कंपन्यांनी प्रतिसाद दिला का. उत्तर त्याच परिच्छेदात आहे: २०२२-२३ पर्यंतच्या चार वर्षांत खासगी क्षेत्राची यंत्रसामग्री आणि बौद्धिक संपदेतली गुंतवणूक एकूण ३५ टक्क्यांनी वाढली, घरे आणि इतर बांधकामांतली १०५ टक्क्यांनी. नोकरभरती आणि पगार नफ्याच्या जवळपासही गेले नाहीत, असेही अहवालात नोंदले आहे. पुढच्या वर्षीच्या अहवालात २०२३-२४ मधली नफ्याची वाढ २२.३ टक्के आणि रोजगाराची १.५ टक्के दिली आहे. नफा चौपट होण्याच्या त्याच तीन वर्षांत कंपनी कराची वसुली साधारण दीडपट झाली. नमुना आणि एकूण वसुली यांची सरळ तुलना होत नाही, जुने तोटेही वजा होतात, हे मला ठाऊक आहे, तरी फरक नजरेआड करण्याइतका लहान नाही. खुद्द अर्थमंत्र्यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपतींना विचारले होते की हनुमानासारखा तुम्हाला तुमच्या बळाचा विसर पडला आहे का, गुंतवणूक का करत नाही. ज्या कारखान्यांचे श्रेय मजकूर देतो त्यांची वाट तीन वर्षांनीही अर्थमंत्री पाहत होत्या.

काही वेळा याच मजकुराला शेपूट जोडलेले असते की बँकांनी कर्जे निर्लेखित केली, म्हणजे ताळेबंदातून काढली, याचा अर्थ माफ केली असा नव्हे. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे आणि निर्लेखनाला सरसकट कर्जमाफी म्हणणारे चुकतात. पण अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरानुसार नऊ वर्षांत १४.५६ लाख कोटी निर्लेखित झाले, त्यांत मोठे उद्योग आणि सेवा यांचे ७.४१ लाख कोटी, आणि निर्लेखित कर्जांतून वसूल झाले २.०४ लाख कोटी. महाराष्ट्राने २०१७ मध्ये ३४ हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली तेव्हा पतशिस्त बिघडेल म्हणून जे अग्रलेख आले, त्यांच्या लेखकांनी हे आकडेही एकदा शेजारी ठेवून पाहावेत.

राहिला दुसऱ्याचे बरे न बघवण्याचा आरोप. यंत्रणेला अटी घालता येत नव्हत्या असे नाही: १५ टक्क्यांचा दर हवा असेल तर नवी कंपनी काढा आणि ठरल्या मुदतीत उत्पादन सुरू करा, असे करकपातीच्या त्याच अध्यादेशात होते. २२ टक्क्यांच्या दराला मात्र ना गुंतवणुकीची अट होती, ना भरतीची, ना पुरवठादारांचे पैसे वेळेवर देण्याची. शेवटची अट तर नव्याने लिहायचीही नव्हती, कारण लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार ४५ दिवसांत बिल चुकते करणे बंधनकारक आहे आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. ज्या शेडचे खाते मी पाहत असे तिच्या बिलांचे पैसे मिळण्याची मुदत त्या दिवाळीत ११० दिवसांवर गेली होती. वरच्या कंपनीचे वाईट व्हावे असे तिच्या मालकाच्या कधी मनातही आले नसेल, कारण त्याची चूल तिच्यावरच पेटते. मी त्याला व्याजाचा तक्ता काढून दिला, रक्कम ४२ हजारांच्या पुढे गेली होती. त्याने तो घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कंपनीला पाठवला नाही, कारण डिसेंबरचे शेड्यूल अजून यायचे होते.