पावशा कोणाला हाक मारतो

रोहिणी नक्षत्र लागले की आमच्या भागातील मोबाइलवर एक लांबलचक संदेश दरवर्षी फिरू लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवरून आला. ‘निसर्गाचे हवामान खाते’ असे त्याचे शीर्षक असून त्यातील दावे थोडक्यात असे आहेत : टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर आणि खोलगट जागी घातली तर दुष्काळ, अंडी जितकी, तितके महिने पाऊस, कावळ्याने बाभळीवर घरटे केले तर वर्ष वाईट आणि आंब्यावर किंवा कडुनिंबावर केले तर चांगले, सुगरणीचे खोपे खाली लोंबले तर पाऊस कमी, चातक दिसला की आठवड्यात मृग बरसणार, आणि पावशा ‘पेरते व्हा’ म्हणू लागला की कोणाचेही न ऐकता पेरणी करावी, कारण ‘हवामान खात्याला जे कळत नाही ते पाखराला कळते’.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. नोकरीची वर्षे शाळेत गेली आणि उरलेला वेळ वावरात. पाखरे पाहण्याची सवय धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसूनच लागली. हा संदेश गमतीचा असता तर त्याकडे दुर्लक्ष केले असते. परंतु त्यातील शेवटच्या वाक्यावर विसंबून लोक बियाणे मातीत टाकतात, म्हणून एकेक दावा तपासून पाहणे भाग आहे.

टिटवीपासून सुरुवात करू. संदेशासोबतचे छायाचित्रच मुळात चुकीचे आहे. डोक्यावर काळी टोपी आणि चोचीजवळ पिवळी लोळी, म्हणजे लोंबती मांसल त्वचा, असलेला तो पक्षी माळटिटवी आहे. ती कोरड्या, उघड्या माळावर राहते आणि तुलनेने कमी ओरडते. आपण सारे जिला टिटवी म्हणतो, ती लाल लोळीची : लाल चोचीचे टोक काळे, गळा आणि छाती काळी, मानेच्या बाजूने खाली उतरणारा पांढरा पट्टा आणि लांब पिवळे पाय. रात्रीबेरात्री ‘टिटीव टिटीव’ करून गाव उठवते ती हीच. हा पक्षी रात्रीही जागा असतो, विशेषतः चांदण्यात, आणि कुत्रे, कोल्हा किंवा उशिरा पाणी द्यायला निघालेला माणूस जवळून गेला की ओरडतो. त्यात कोणाच्या मरणाची वर्दी नसते, तसेच आभाळ पडू नये म्हणून ती पाय वर करून झोपते हेही खरे नाही.

टिटवी घरटे बांधत नाही. जमिनीवर उथळ खळगा करून भोवती खडे आणि बकरीच्या लेंड्या मांडते. तिची वीण साधारण मार्चपासून ऑगस्टपर्यंत चालते आणि अंड्यांतून पिल्ले निघायला सुमारे चार आठवडे लागतात. याचा अर्थ एप्रिलच्या सुरुवातीला घातलेल्या अंड्यांतील पिल्ले मे महिन्यात, म्हणजे पावसाचा थेंब पडण्याआधीच, धुऱ्यावर पळत असतात. ज्या अंड्यांनी पाऊस पाहिलाच नाही, त्यांची जागा ऑगस्टमधल्या पुराच्या हिशेबाने निवडली गेली असे कसे म्हणावे? अंडी बहुधा चारच असतात. चारही अंड्यांची निमुळती टोके आत वळलेली असली की ती अंगाखाली नीट मावतात. या कुळातील अनेक पक्ष्यांची हीच रीत आहे. त्यामुळे ‘चार अंडी, चार महिने पाऊस’ हे भाकीत बहुतेक साली खरेच ठरणार, कारण आपला पावसाळाही चारच महिन्यांचा! कुठे तीन अंडी दिसली तर चौथे अजून घालायचे असेल किंवा मुंगसाने नेले असेल.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात वखरलेल्या वावराच्या उंच धुऱ्यावर एका जोडीची चार अंडी होती, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या जोडीने शंभर-दीडशे पावलांवरच्या कोरड्या नाल्याच्या पात्रात अंडी घातली होती. संदेश खरा मानला तर एकाच शिवारात त्या साली अतिवृष्टी आणि दुष्काळ दोन्ही व्हायला हवे होते. मला मात्र दुसरीच गोष्ट पाहायला मिळाली. दुपारी माती इतकी तापली होती की ढेकूळ हातात धरवेना. तेव्हा धुऱ्यावरची टिटवी उठून विहिरीजवळच्या हौदापर्यंत गेली, सांडपाण्यात पोट टेकवून बसली, पिसे भिजवली आणि धावत परत येऊन अंड्यांवर उभी राहिली. अंड्यांवर सावली धरायची आणि ओल्या पोटाने ती थंड ठेवायची, हे काम नर-मादी आळीपाळीने करतात. टिटवीला उन्हाचा हिशेब किती नेमका कळतो हे मी त्या दिवशी पाहिले. पावसाचा हिशेब तिच्या नावावर आपण मांडला आहे.

कावळ्याच्या घरट्याची परीक्षा तर कोणालाही एका सकाळी घेता येईल. गेल्या मे महिन्यात गावठाणापासून नाल्यापर्यंत मला सात घरटी सापडली : तीन कडुनिंबावर, दोन बाभळीवर, एक चिंचेवर आणि एक मोबाइलच्या टॉवरवर. टॉवरवरच्या घरट्याचे फळ काय, ते संदेशात दिलेले नाही. कावळा पाहतो ती फांदीची बेचकी, उंची, जवळच मिळणारे अन्न आणि दुसऱ्या जोडीपासूनचे अंतर. ज्या शिवारात धुऱ्यावर बाभळी आणि हिवरच उरले आहेत, तिथे तो आंबा कोठून आणणार? गावकावळ्याची वीण आपल्याकडे उन्हाळ्याच्या अखेरीस भरात येते आणि त्याच्या घरट्यात अंडे घालणाऱ्या कोकिळेचीही त्याच सुमारास. जाता जाता, ‘कुहू कुहू’ करणारी कोकिळा मादी नव्हे. तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर असतो. संदेशात ‘गाणारी कोकिळा’ म्हणून दाखवलेला तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांचा पक्षी मात्र मादी आहे.

सुगरणीबद्दल फारसे बोलण्याची गरज नाही. तिचा खोपा हिरव्या पात्यांच्या धाग्यांनी विणला जातो, आणि तशी हिरवी पाती आपल्याकडे पाऊस सुरू झाल्यावरच मुबलक मिळतात. पेरणी आटोपल्यानंतर विणल्या जाणाऱ्या खोप्यावरून पेरणीचा सल्ला मिळत नाही. विणकाम नर करतो, आणि मादी अर्धवट विणलेला खोपा पाहून पसंत-नापसंत ठरवते. विहिरीवर झुकलेल्या बाभळीचे खोपे पाहिले तर ते पुष्कळदा झाडाच्या पूर्व बाजूला आढळतात, कारण नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यापासून तिथे आडोसा मिळतो.

चातकाच्या बाबतीत मात्र संदेशात काही तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर शेंडी, पंखावर पांढरा डाग आणि लांब शेपटीची टोके पांढरी, असा हा देखणा पक्षी मध्य आणि उत्तर भारतात पावसाळी वाऱ्यांच्या सुमारास आफ्रिकेतून येतो आणि पाऊस सरल्यावर परततो; दक्षिणेत काही चातक वर्षभर राहतात. तो दिसला म्हणजे ऋतू पालटतो आहे, इतके म्हणणे रास्त आहे. पण समुद्र ओलांडून आलेल्या पाहुण्याला आपल्या महसूल मंडळात किती मिलिमीटर पाऊस पडणार आणि त्यानंतर किती दिवसांचा खंड पडणार, याची खबर नसते. तो केवळ पावसाचे थेंब पितो हीसुद्धा कविकल्पनाच आहे. त्याचा गळा कोकिळेच्या कुळातील इतर पक्ष्यांसारखाच असतो, आणि केसाळ सुरवंट हे त्याचे आवडते खाद्य आहे, त्यातूनही त्याला पाणी मिळते.

आता पावशा. याला ऐकलेले सारेच असतात, पाहिलेले फार थोडे, आणि ज्यांनी पाहिले त्यांतल्या अनेकांनी तो शिक्रा हा शिकारी पक्षी समजून सोडून दिलेला असतो. राखाडी पाठ, छातीवर तांबूस छटा आणि आडवे पट्टे, शेपटीवर गडद पट्टे आणि उडण्याची ढब, सारेच शिक्र्यासारखे. इतके की तो झाडावर येऊन बसला की लहान पाखरे कालवा करतात. फरक जवळून कळतो. शिक्र्याची चोच मुळापासून आकडीसारखी वळलेली आणि नख्या धारदार असतात. पावशाची चोच बरीच सरळ, डोळ्याभोवती पिवळे कडे आणि पायाची दोन बोटे पुढे, दोन मागे.

पावशा ओरडतो तो मादीसाठी आणि आपल्या हद्दीसाठी. ओरडणारा नर असतो. तीन स्वरांची हाक एकेक पायरी वर चढत जाते, टिपेला पोहोचून तुटते आणि पुन्हा खालून सुरू होते, कधी रात्रभर. याची मादी सातभाई या थव्याने राहणाऱ्या पक्ष्यांच्या घरट्यात त्यांच्या अंड्यांसारखेच निळे अंडे घालते, म्हणून त्याचा हंगाम सातभाईंच्या विणीशी जोडलेला असतो, तिफणीशी नव्हे. हिवाळ्यात गप्प असलेला हा पक्षी उन्हाळा लागताच बोलू लागतो. मी त्याला एप्रिलमध्ये दरवर्षी ऐकतो. त्याचे ऐकायचे तर एप्रिलमध्येच पेरावे लागेल. शिवाय त्याचे तेच तीन स्वर हिंदी मुलखात ‘पी कहाँ’ होतात आणि बंगालमध्ये ‘चोख गेलो’, म्हणजे ‘डोळे गेले’. शब्द ऐकणाऱ्याचे आहेत. आपण शेतकरी, म्हणून आपल्याला त्यात पेरणी ऐकू येते, यात मला सौंदर्यच वाटते. मात्र त्यावर बियाण्याच्या थैल्या फोडणे वेगळे.

माझ्या वावराला लागून वावर असलेल्या एका तरुणाने मृगाच्या पहिल्या सरीनंतर तिफण काढली. मी थांब म्हटले, तर म्हणाला, “काहून थांबू, गुरुजी? पावशा त केव्हाचा बोलून राह्यला!” सर जोराची होती, पण ओल चार बोटांच्या खाली गेलेली नव्हती. सोयाबीनला उगवायला तेवढी ओल पुरली. पुढे पंधरा दिवस आभाळ कोरडे राहिले, दोन पानांवरची रोपे दुपारी माना टाकू लागली आणि पेरलेले तास, म्हणजे ओळी, दिसेनासे झाले.

हवामान खात्याचा अंदाज चुकतो, हा संदेशातील आक्षेप मी खोडून काढणार नाही. जिल्ह्यासाठी दिलेला अंदाज एका गावाला लागू पडेलच असे नसते आणि विदर्भात एका धुऱ्यावर सर कोसळते तेव्हा दुसरा धुरा कोरडा असतो. पण म्हणूनच पेरणीचा निर्णय अंदाजावर न घेता पडलेल्या पावसावर घ्यायचा असतो. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. मंडळातील पर्जन्यमापकाची नोंद पाहता येते, आणि तेही जमले नाही तर कुदळीने वीतभर खोल उकरून त्या मातीचा मुठीत लाडू वळतो का, एवढे पाहायला पाच मिनिटे पुरतात.

त्या तरुणाने जुलैच्या पहिल्या आठवड्यात उसनवारीच्या बियाण्यावर दुसऱ्यांदा पेरले. या वेळी आम्ही दोघांनी मिळून तीन ठिकाणी उकरून पाहिले होते. नाल्याकाठच्या चिंचेवरून पावशा तेव्हाही ओरडत होता, आणि चिंचेखाली सातभाईंचा थवा पाचोळा उलथत होता.