एकच होल राहिलंय!

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांतलं सगळ्यात महागाचं वाक्य म्हणजे, "जॉब हार्डनिंग होऊन आलाय, फक्त एकच होल राहिलंय. एम-८चे आटे पाडून द्या ना, दोन मिनिटांचं काम!" (जॉब म्हणजे घडवायचा स्टीलचा भाग, हार्डनिंग म्हणजे तो तापवून कडक करणं, एम-८ म्हणजे आठ मिलिमीटरच्या बोल्टचं माप.)

आम्ही मुकाट्याने कानस काढतो. कोपऱ्यावर एक हात मारायचा. कानस न चावता सरळ घसरली, की जॉब ६० रॉकवेलच्या (हे कडकपणाचं माप) आसपास आहे असं समजावं. आटे पाडायचा एचएसएसचा (हायस्पीड स्टीलचा) टॅपसुद्धा साधारण तेवढाच कडक. म्हणजे दोन जावांची जुंपली. नमतं कोणीच घेत नाही. मोडतो मात्र टॅपच, तोही होलाच्या आत, वर पकडायला काही न ठेवता. साधा टॅप ३५ रॉकवेलच्या पुढे नेऊच नये.

"मग गॅसने लाल करून नरम करा की!" हा सल्ला फुकट मिळतो. जॉब असतो एचसीएचसीआरचा (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं स्टील), ते हवेतच कडक होतं हो! लाल करून टेबलावर ठेवलं, की गार होताना पुन्हा कडक, शिवाय वाकडं. खरंच नरम करायचं तर भट्टीत तासाला १०-२० अंशांनी उतरवत आणा, मग परत हार्डनिंग, परत ग्राइंडिंग.

त्यापेक्षा व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) सॉलिड कार्बाइडची थ्रेड मिल (गोल फिरत आटे कोरणारा कटर) लावा. त्याआधीचं होल कार्बाइड ड्रिलनेच, आणि ६.८ऐवजी ६.९ मिलिमीटरचं. आटे किंचित उथळ होतात, पण मापात बसतात आणि कटरवरचा भार हलका होतो. कटर होल्डरबाहेर गरजेपुरताच ठेवा, आट्यांची खोली तीन-चार पासमध्ये (फेऱ्यांत) घ्या, चिप्स हवेने उडवा. होलात राहिलेली एक चिप परत दाताखाली आली, की कटर गेलाच. पण होलापेक्षा बारीक असल्यामुळे तुकडा चिमट्याने निघतो तरी! मोडलेल्या टॅपला मात्र स्पार्क मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू जाळणाऱ्या) तांब्याच्या इलेक्ट्रोडने मधोमध जाळावं लागतं.

होल आरपार असेल तर आणखी एक वाट आहे. वायरकटने (तारेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या मशीनने) ते मोठं करा, नरम स्टीलचा बुश (नळीसारखा तुकडा) बसवा आणि आटे त्यात पाडा. बुशला मागून कॉलर (रुंद कड) हवी, नाहीतर बोल्ट आवळताना तो वर येतो. फक्त यासाठी डिझाइनवाल्या साहेबांची परवानगी लागते. त्यांना फोन केला तर म्हणतात, "तिथे होल होतंच कुठे?"