दिवे चालू ठेवूनच ऐका

गेल्या थंडीत मुंबईतल्या एका कलादालनात माझ्या कानांचं प्रदर्शन भरलं होतं.

थट्टा नाही करत. आम्ही पाचजणी होतो, तीन पूर्ण अंध आणि दोन अल्पदृष्टी. प्रत्येकीला कानात घालायचे दोन चिमुकले माइक दिले होते, दिसायला म्हणे इयरफोनसारखेच. रेकॉर्डर पर्समध्ये. पंधरा दिवस ते घालून आपापलं रोजचं जगायचं, मग त्या आवाजांतून एक ‘ध्वनी-अनुभव’ उभा करायचा, असा बेत. संस्थेचं नाव लिहीत नाही, कमेंटमध्ये विचारूही नका. मुलं मनाने भली होती. रिक्षाचे पैसे वेळेवर दिले, चहाबरोबर बटाटवडे आणले. तरी माझं त्यांच्याशी भांडण आहे, आणि वर्षभर ते पोटात ठेवून आता अजीर्ण व्हायला लागलंय.

आधी एक कबुली. मी बेसूर आहे. शाळेत आम्हा सगळ्या मुलींना पेटीपुढे बसवायचे, कारण अंध म्हणजे गाणार हे जगाने ठरवूनच टाकलेलं असतं. माझ्या ‘सा’ला बाईंनी दोन वर्षांनी हात जोडले. त्यानंतरही लग्नकार्यात कुणीतरी म्हणतंच, “ताई, एखादं भजन होऊन जाऊ दे!” मी बँकेत लोन सेक्शनला आहे हो. हप्ता किती बसेल ते विचारा, लगेच सांगते. म्हणून ‘गायचं नाही, फक्त ऐकायचं’ असं संस्थेतल्या मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा मी जरा हुरळलेच.

‘देवाने डोळे नेले पण कान दिले’ हेही इथेच निकालात काढते. कान तुमचेच आहेत, आम्ही ते वापरतो. १९९८ आणि १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या दोन अभ्यासांत लहानपणापासून अंध असलेल्या काहीजणांना आवाजाची जागा, विशेषतः अगदी कडेच्या आवाजाची, डोळसांपेक्षा नेमकी सांगता आली होती. पण पुढच्या प्रयोगांत वर-खालच्या बाबतीत, मागे बराच गोंगाट असला की, अंध लोक डोळसांच्या मागेही पडलेले दिसले. देणगी असती तर अशी अर्धवट नसती. हा सराव आहे, गृहिणीला फोडणीच्या आवाजावरून मोहरी तडतडली की जळली ते कळतं तसा.

आता त्या माइकांची गंमत. उजवीकडून येणारा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त किती, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही दोन-तृतीयांश! शिवाय मध्ये डोकं आडवं येतं, त्यामुळे उंच पट्टीचे आवाज पलीकडच्या कानाला मंद लागतात. आवाज पुढून की मागून, वरून की खालून, हे कानाच्या पाळीच्या वळ्या-पन्हळी ठरवतात. दोन्ही कानांत माइक ठेवला की हे सगळं जसंच्या तसं टिपलं जातं. दोन कानांना दोन वेगळे आवाज ही युक्ती जुनीच, १८८१ साली पॅरिसच्या वीज प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावरचे आवाज टेलिफोनच्या तारांवरून आणले, लोक दोन कानांना दोन रिसीव्हर लावून ऐकत उभे होते. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की माझ्या कानातलं रेकॉर्डिंग तुम्ही ऐकता तेव्हा माझ्या पाळीच्या आकारातून ऐकता. तुमच्या कानाची पाळी वेगळी, म्हणून कधी कधी मागचा माणूस तुम्हाला पुढे वाटतो. दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं.

पण याची एक अट आहे. हे हेडफोनवरच ऐकायचं. स्पीकरवर लावलं की डाव्याचा आवाज उजव्या कानातही शिरतो आणि सगळी जागा विस्कटते.

त्यांनी आठ स्पीकर लावले. भव्यतेसाठी.

माझं रेकॉर्डिंग होतं दादर स्टेशनचं. मुलुंडहून स्लो लोकलने यायचं, दादरला उतरायचं, पुलावरून पश्चिम रेल्वेवर जायचं आणि वांद्र्याची गाडी धरायची. अकरा मिनिटं. गेली चौदा वर्षं मी हे करते, आणि खरं सांगते, हे मला फार छान जमतं. दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे प्लॅटफॉर्मवर बीपर वाजतो. तो किती मागे राहिला यावरून जिना किती पुढे ते मला कळतं. जिना दिसत नाही, पण शंभर लोकांच्या चपला एकदम उंच उंच जायला लागल्या की काय समजायचं ते समजतं. वर पुलावर पत्र्याखाली आवाज दाटून येतो. मधेच कानाच्या एका बाजूला अर्धा क्षण सावली पडते, गलबला तेवढ्यापुरता झाकला जातो. तो खांब. आमच्यातल्या कित्येकांना वाटतं की खांब चेहऱ्याला ‘जाणवतो’. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९४४ साली याची तपासणी झाली, आणि करणाऱ्या तिघांतला मायकल सुपा स्वतः अंध होता. कान बंद केले की जाणीव गेली. चेहऱ्याचं काही नव्हतं, कानच ते.

मग कोळणीची पाटी, “साईड दे गो बाय”. फुलांच्या ओल्या गोणीचा वास, जो माइकमध्ये येत नाही हे माझं खासगी दुःख. डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या प्लॅटफॉर्मचे नंबर बदलले, पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे आठपासून पुढे गेले, तेव्हा डोळस लोक आठवडाभर गोंधळून भांडत होते. मी नव्हते. माझे पाय नंबर वाचत नाहीत.

बाकीच्या बायकांचंही सांगते, कारण प्रदर्शनात त्यांचं काही उरलंच नव्हतं. साठीच्या एका मावशींनी फक्त स्वयंपाकघर रेकॉर्ड केलं. दूध उतू जायच्या आधी पातेल्याचा आवाज एकदम भरीव होतो, हे मी त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यांदा नीट ऐकलं. हातातल्या बांगड्या काढता का, असं एडिट करणाऱ्या मुलाने त्यांना विचारलं, ‘नॉइज’ येतो म्हणून. मावशी म्हणाल्या, “बाळा, या नसतील तर माझा हात कुठाय ते मलाच कळायचं नाही.” दुसरी ठाण्याची. तिने एका रस्त्याच्या कडेला उभं राहून ओलांडायची वाट बघणं रेकॉर्ड केलं, एकोणीस मिनिटं. संस्थेने आम्हाला सूचना दिली होती, ‘शहरातले शांत कोपरे शोधा’. तिचं म्हणणं होतं, शांत कोपराच मला मारेल. इलेक्ट्रिक गाडी येते कधी आणि जाते कधी, पत्ता लागत नाही. युरोपात २०१९ पासून नव्या मॉडेलच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात मुद्दाम आवाज करणं सक्तीचं झालं, आणि त्यामागे अंधांच्या संघटनांचा रेटा होता. तिच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये तुम्हाला एक बाई ऐकू येते जी पाऊल पुढे टाकते, मागे घेते, टाकते, मागे घेते. मला त्यापुढे माझं दादर फिकं वाटलं.

तर उद्घाटन. दारात काळी पट्टी देतात. डोळ्यांवर बांधायची, एका मुलीने हात धरून आत न्यायचं. आत अंधार. आणि स्पीकरमधून माझं दादर, पण त्याच्याखाली सतत एक घुमणारा खर्ज, वर धडधडणारं हृदय. मी विचारलं, हे हृदय कुणाचं? म्हणे साउंड लायब्ररीतून घेतलं. तो घूं आवाज कसला? म्हणे ड्रोन. मला वाटलं छतावर काही उडतंय, निघाला तो सलग धरलेला एकच सूर.

माझं सगळ्यात सराईत, सगळ्यात कंटाळवाणं, रोजचं अकरा मिनिटांचं चालणं भुताच्या सिनेमासारखं वाजत होतं.

बाहेर आलेल्या एका बाईंनी माझे दोन्ही हात धरले. रडत होत्या. “पाच मिनिटांत गुदमरले हो मी. तुम्ही कशा जगता!” मी म्हटलं, लोन सेक्शनला आहे, पगार वेळेवर होतो, बरं चाललंय. त्या आणखी रडल्या.

मला त्यांचा राग नाही आला. पट्टी बांधून पाच मिनिटांत त्यांना अंधत्व नाही कळलं, अंधत्वाचा पहिला दिवस कळला, तोही काठीशिवाय, शिकवणुकीशिवाय, आठ स्पीकरच्या गोंधळात. पोहायला न येणाऱ्याला विहिरीत ढकलून ‘बघ, मासा असा जगतो’ म्हणण्यातला प्रकार. एरियल सिल्व्हरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, स्वतः अंध. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर हेच तपासलं, २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. डोळ्यांवर पट्टी बांधून वावरलेल्या विद्यार्थ्यांना नंतर विचारलं, की अंध माणूस नोकरी करू शकेल का, एकटा राहू शकेल का? पट्टी न बांधलेल्यांपेक्षा यांनी आमची कुवत कमी ठरवली. कणव असेल, पण विश्वास घटला. आणि त्या बाई उद्या माझ्या बँकेत मॅनेजर असत्या तर? माझ्या प्रमोशनच्या फाइलवर ते रडणं कुठे ना कुठे उतरलंच असतं.

अंधारातल्या सगळ्याच प्रयोगांना मी नावं ठेवत नाही. १९८८ साली जर्मनीत फ्रँकफर्टला अँड्रियास हाइनेके यांनी सुरू केलेलं ‘डायलॉग इन द डार्क’ आपल्याकडे हैदराबादलाही आलं. तिथे अंधारात वाट दाखवणारा माणूस अंध असतो, पगारी असतो, आणि त्याला तिथली सगळी वाट पाठ असते. तो तुम्हाला जिन्यावरून सुखरूप उतरवतो. पट्टीपेक्षा हा फरक मला मोठा वाटतो.

पण माझं खरं दुखणं पट्टीचं नाही. ते सातव्या मिनिटाचं आहे.

माझ्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये सातव्या मिनिटाला पुलाच्या उतरत्या जिन्यावर एक माणूस माझा दंड धरतो. ओढणीची खसखस, काठी लोखंडी कठड्यावर आपटते. “अहो ताई, थांबा थांबा, पडाल.” मी म्हणते, “काका, हात सोडा, मी जाते.” “अहो मदतच करतोय.” “सोडा म्हटलं ना.” तरी चार पायऱ्या तो हात तसाच. मदतीचा हात दंडावरून कुठे घसरतो हे आम्हा बायकांना सांगायला नको, आणि ओरडावं तर लोक म्हणणार बिचारा मदत करत होता. चाळीस सेकंदांचा हा तुकडा आहे. आम्ही पाचहीजणींनी पंधरा दिवसांत असा एक तरी तुकडा आणला होता. मावशी धरून.

पाचही तुकडे कापले गेले. ‘लय तुटते’ म्हणे. ‘अनुभव थोडा निगेटिव्ह होतो.’ म्हणजे भीतीचं हृदय लायब्ररीतून आणायचं, आणि ज्याने खरोखर छातीत धडधडतं तो हात काढून टाकायचा!

कापण्याला माझी हरकत नाही. कलाकृतीत निवड करावीच लागते. हिल्डेगार्ड वेस्टरकँप या व्हँकुव्हरच्या ध्वनी-कलाकार. त्यांनी १९८९ साली तिथल्या किट्स बीचवरच्या आवाजांची एक रचना केली. त्यात त्या स्वतः ऐकणाऱ्याला सांगतात, की बघा, आता स्टुडिओत मी शहराचा आवाज कमी करतेय, खडकांना चिकटलेल्या बार्नकल नावाच्या चिमुकल्या जीवांचे बारीक आवाज वर आणतेय. फसवणूक नाही, लपवाछपवी नाही. कात्री कुणाच्या हातात आहे ते तुम्हाला कळतं. आमच्या प्रदर्शनात कात्री डोळसांच्या हातात होती आणि बाहेरच्या फलकावर आमची नावं ‘ऋणनिर्देशा’त होती, बटाटवडे देणाऱ्या केटररच्या वर. (हे मला भाचीने वाचून दाखवलं.)

एडिटिंगला आम्हाला बसवा म्हटलं तर उत्तर आलं, “ताई, ते सगळं स्क्रीनवर असतं.” इथे मात्र मी शिकवणीच घेते. माझा कॉम्प्युटर बोलतो तो एनव्हीडीए या स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे, ते २००६ साली मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने लिहायला घेतलं, जेमी टेह हा त्याचा अंध मित्र पुढे त्याला मिळाला. फुकट आहे. याच जेमी टेहने ‘ओसारा’ नावाची एक जोडणी सुरू केली, ती ‘रीपर’ या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरला लावली की ट्रॅक, कट, आवाजाची पातळी, सगळं बोलून सांगतं. माउस लागत नाही. जगभरातले अंध रेकॉर्डिस्ट यावर काम करतात. मी कोल्हापूरच्या एका अंध मुलाकडून व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट्सवर शिकले, तीन महिने, दर रविवारी. तो मला इतका ओरडला आहे की आमच्या बँकेतल्या साहेबांनी ऐकलं तर बदली मागतील.

तर मी माझं दादर पुन्हा केलंय. मूळ फाइल मी मागून घेतली होती. अकरा मिनिटं, ड्रोन नाही, हृदय नाही. सुरुवातीला मी काय काय कापलं ते सांगितलंय (एक लांबलचक खोकला आणि एका ओळखीच्या बाईंच्या सुनेबद्दलची माहिती). सातवं मिनिट जसंच्या तसं आहे. मावशींचं दूध आणि ठाणेकर मैत्रिणीचा रस्ता त्या दोघी सध्या माझ्याकडे येऊन स्वतः एडिट करतायत, तयार झालं की त्यांच्या नावाने येईल. मावशींना शॉर्टकट पाठ होत नाहीत, पण कान असा आहे की मी दोनदा फसवायचा प्रयत्न केला आणि दोनदा पकडले गेले.

लिंक पहिल्या कमेंटमध्ये आहे. डोळ्यांवर काही बांधू नका, दिवे चालू ठेवा, भाजी निवडत ऐकलंत तरी चालेल. हेडफोन मात्र घाला, आणि डावा डाव्याच कानात. उलटे घातलेत तर वांद्र्याची गाडी भलत्या बाजूने येईल, आणि काकांचा हात नेमका काठीच्या हातावर पडेल.