‘आधी अभ्यास करा’ म्हणणाऱ्या रणगाडाप्रेमींना

‘रणगाडाप्रेमी’, गेममधल्या रणगाडाविरोधी शस्त्रांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एका गटाला जॅव्हलिन (लक्ष्याचा माग काढणारं क्षेपणास्त्र) आणि दुसऱ्याला आरपीजी-7 (खांद्यावरून डागायचं साधं रॉकेट) देऊन दोन्ही बाजूंचा बॅलन्स साधतो म्हणणं हास्यास्पद आहे, जॅव्हलिनचं डॅमेज, म्हणजे एका माऱ्यात होणारं नुकसान, कापण्यावाचून गत्यंतर नाही. त्यापुढे नकाशे, स्मोक, रीस्पॉन (मेल्यावर परत खेळात येणं) वगैरेवर बरंच काही. आणि शेवटी, ‘अरे बाबा, लिहिण्याआधी जरा अभ्यास कर’.

अभ्यासाचं म्हणाल तर, तुमच्यासारखे लोक अजून गेममध्ये ‘रॉकेट म्हणजे रॉकेट’ म्हणत होते तेव्हापासून मी मॉड (तयार गेममध्ये केलेले बदल) बनवतोय. डॅमेज कापण्याचा तुमचा उपायही वापरून झालाय. क्षेपणास्त्र बरोबर टरेटच्या छतावर पडायचं आणि रणगाडा धूर सोडत आरामात टेकडीमागे निघून जायचा. मारणारा वैतागलेला, वाचलेला हसतोय. याला तुम्ही बॅलन्स म्हणत असाल तर धन्य आहे.

मी लेखात लिहिलं होतं ते तुम्ही वाचलंच नाहीत. खऱ्या शस्त्राच्या अडचणीही खऱ्याच ठेवा, एवढंच माझं म्हणणं. जॅव्हलिनचं ओझं बावीस किलोच्या आसपास. थर्मल साइट (उष्णतेवरून लक्ष्य दाखवणारी दुर्बीण) वापरण्याआधी थंड व्हायलाच अडीच ते साडेतीन मिनिटं लागतात. वरून मारा करायचा तर लक्ष्य किमान 150 मीटर लांब हवं, थेट मारायचं तरी 65. म्हणजे गल्लीच्या तोंडाशी अचानक रणगाडा आला की जॅव्हलिनवाल्याने पळावं हे उत्तम. तिथे आरपीजीवाला राजा. आरपीजीचं पीजी-7व्हीआर हे टँडम (एकामागे एक दोन स्फोटकांचं) रॉकेट रिअॅक्टिव्ह (आदळताच स्फोट होऊन मारा बोथट करणाऱ्या) चिलखतामागेही भोक पाडतं, पण साडेचार किलोचं आणि नेम धरण्यासारखं अंतर 200 मीटर. त्यात आडवा वारा असेल तर आरपीजीचं रॉकेट वारा जिकडून येतो तिकडेच तोंड वळवतं. बहुतेक गेम हे दाखवतच नाहीत, आणि मग लोक म्हणतात आरपीजी फार सोपी झाली. किट किती द्यायची, दारूगोळा कुठे मिळणार, उघड्या मैदानाचा नकाशा कुणाला द्यायचा, बॅलन्स तिथे होतो. डॅमेजच्या आकड्याला हात लावायची गरज पडत नाही.

‘खरं शस्त्र कधी हातात घेतलंय का?’ असंही विचारलंत. नाही घेतलं. रणगाड्यात बसल्याशिवाय रणगाडाप्रेमी होता येतं ना, तसंच आहे हे.

मोबाईलवर माझा तक्ता नीट दिसत नाही, हे मात्र मान्य. फॉन्ट मोठा करतो. नकाशे आणि रीस्पॉनबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात उत्तर देण्यासारखं काही दिसलं नाही.

परत लिहायचं असेल तर कुठला नकाशा, किती अंतर, कुठलं रॉकेट, ते लिहा. आणि ते ‘अरे बाबा’ नको. आपली तेवढी ओळख नाही.