दातावर दात आला म्हणून सुळा उपटू नका

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: सुळा हा मांस फाडायचा दात, आजच्या माणसाला त्याचा उपयोग नाही. वर चढलेला सुळा काढला की बाकीचे दात आपोआप सरळ होतात, तारेचा खर्च वाचतो. पण त्याची नस डोळ्याला जोडलेली असल्याने मूल मोठं होईपर्यंत थांबा. आणि तार लावलीच, तर ती निघाल्यावर दात कायमचे बसतात. एवढ्याशा मजकुरात इतक्या चुका बसवणं हेही कसबच.

आधी मांसाचं बघू. गोरिला पाला, कोंब आणि फळं खाऊन जगतो, तरी नराचे सुळे भलेमोठे असतात. माणसाच्या सुळ्याचं खरं काम कळायला दात मिटा आणि खालचा जबडा हळूच एका बाजूला सरकवा. पुष्कळांच्या तोंडात खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या आतल्या अंगावरून घसरतो आणि मागच्या दाढा एकमेकींपासून सुटतात. आडवा जोर दाढांना मानवत नाही. सुळ्याला पेलतो, कारण तोंडातलं सर्वांत लांब मूळ त्याचं, आणि जबड्याच्या सांध्यापासून तो दूर असल्याने त्याच्यावर जोरही कमी पडतो. मात्र चावा असाच हवा, असा हट्ट काही दंतवैद्य धरतात तोही फार ताणायला नको. कित्येक निरोगी तोंडांत सुळ्याच्या जोडीने उपदाढाही (सुळ्याच्या लगेच मागच्या दोन लहान दाढा) हा भार घेतात.

‘काढला की सरळ होतात’ हा दावा सर्वांत महागात पडणारा आहे. वरचा सुळा साधारण ११-१२ व्या वर्षी येतो, बहुतेकदा शेजारच्या उपदाढा येऊन गेल्यावर. जबड्यात जागा कमी असेल तर ती उशिरा येणाऱ्याला कमी पडते. म्हणजे गर्दी सगळ्यांची, आणि बाहेर उभा राहिला म्हणून दोष सुळ्याचा. तो काढला तरी वाकडे दात वाकडेच राहतात. एकाच बाजूचा काढला तर पुढच्या दातांची मधली रेषा त्या बाजूला सरकू शकते. ओठाच्या कोपऱ्याचा आधार जातो. सुळ्याच्या जागी येते पहिली उपदाढ, आणि वरच्या पहिल्या उपदाढेला बहुधा दोन बारीक मुळं असतात, आडव्या जोरापुढे दुबळी. म्हणूनच जागा करण्यासाठी दात काढावाच लागला तर ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारे दंतवैद्य, सहसा पहिली उपदाढ काढतात आणि सुळा खाली ओढून त्या जागेत आणतात. सुळा हाडाला चिकटून बसला असेल किंवा फारच आडवा अडकला असेल, तर तोही काढावा लागतो. पण ते शेवटचं पाऊल.

डोळ्याच्या नसेची भीती निराधार आहे. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. वरचा सुळा किडून पू झाला तर डोळ्याखाली सूज येते आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी मुळीच नसते. या भीतीचं मूळ बहुधा तिथे असावं.

‘मोठं होईपर्यंत थांबा’ हा सल्ला मात्र खरोखर नुकसान करतो. सुमारे दोन टक्के लोकांत वरचा सुळा हाडातच अडकतो, आणि अडकलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळ झिजवू शकतो. दहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीवरून बोट फिरवलं की फुगवटा लागायला हवा. एकाच बाजूला लागला किंवा कुठेच लागला नाही, तर एक्स-रे काढून घ्या. स्वीडनमधल्या एरिक्सन आणि कुरोल यांच्या १९८८ च्या अभ्यासात १० ते १३ वर्षांच्या मुलांचे दुधाचे सुळे वेळेत काढले, तेव्हा टाळूकडे वळलेल्या ४६ पैकी ३६ सुळ्यांची वाट सुधारली. त्या वयात जे एका दुधाच्या दातावर भागू शकतं, त्यासाठी पुढे हिरडी उघडून सुळा साखळीने ओढावा लागतो.

राहिलं ‘कायमचे बसतात’. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी रिटेनर (तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) बंद झाल्यावर किमान दहा वर्षांनी रुग्ण तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांचे खालचे पुढचे दात पुन्हा बिनसले होते. खालच्या दोन सुळ्यांमधलं अंतर वयाबरोबर, उपचार न घेतलेल्यांतही, आक्रसत जातं. ते अंतर तारेने ताणून वाढवलं तर बहुधा मागे येतं. त्यामुळे खालचे सुळे बाहेर ढकलून जागा करण्याचा बेत असेल, तर ते टिकवणार कसं, हे तार लावण्याआधीच विचारा. खालच्या दातांच्या मागे एका सुळ्यापासून दुसऱ्यापर्यंत चिकटवलेली बारीक तार अनेकांना वर्षानुवर्षं ठेवावी लागते.