स्वस्त गॅस हवाय, पण कोणाकडून?

आज ऑफिसात जेवताना एकजण सहज बोलून गेला, "एकदा युक्रेनचं युद्ध थांबलं की रशियाचा गॅस पुन्हा घ्यायला काय हरकत आहे?" चार जणांनी माना डोलावल्या. मला पुढे जेवण गेलं नाही.

जर्मनीतल्या माझ्या मित्रांनो, २०२२ इतक्यात विसरलात? रशियाहून समुद्राखालून जर्मनीत गॅस आणणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइनचा नळ आपण बंद केला नव्हता. जूनमध्ये गाझप्रोम या रशियाच्या सरकारी कंपनीने पुरवठा ४० टक्क्यांवर आणला, जुलैत २० वर, ऑगस्टअखेर शून्य. कारण काय, तर टर्बाइनची दुरुस्ती! समुद्रात पाइपलाइन फोडणारे स्फोट त्यानंतरचे, सप्टेंबरातले. त्या हिवाळ्यात सरकारी कचेऱ्यांत तापमान १९ अंशांवर होतं आणि आम्ही घरात स्वेटर घालून बिलावरून कुरकुरत होतो.

तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर युक्रेनमधल्या खार्किवहून आलेली एक बाई लेकाला घेऊन राहायची. आई तिकडेच अडकलेली. तिथल्या वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं पडली की फोन लागायचा नाही. जिन्यात रेंज बरी यायची, म्हणून ही पायरीवर बसून तोच नंबर पुन्हा पुन्हा फिरवायची. एकदा मी वरणभात नेऊन दिला. ताट मांडीवर निवत राहिलं, फोन कानालाच.

महागाई खरी आहे, मान्य. लुडविग्सहाफेनला बीएएसएफ या रसायन कंपनीचा एक अमोनिया प्रकल्प बंद पडला, नोकऱ्या गेल्या. भारतही रशियाचं तेल घेतो, तेही मान्य. आमच्या खालच्या आजी पेन्शनवर राहतात, थंडीत एकाच खोलीत हीटर लावतात. त्यांनी स्वस्त गॅस मागितला तर मी त्यांना एक शब्द बोलणार नाही.

पण पुढाऱ्यांना आणि कंपन्यांना बोलणार! २०१४ मध्ये पुतिनने क्रिमिया गिळला आणि दुसऱ्याच वर्षी यांनी नॉर्ड स्ट्रीम २ या आणखी एका पाइपलाइनच्या करारावर सह्या केल्या. व्यापार वाढला की पुतिन नरमेल, असं वर्षानुवर्षं आपल्याला सांगत राहिले. त्याची किंमत कोणी मोजली? जिन्यातल्या त्या बाईने. तिच्या आईने.

फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन म्हणतात पुतिनशी पुन्हा बोलायला हवं. बोला ना! युद्धकैदी सोडवा, रशियाने पळवून नेलेली युक्रेनची मुलं परत आणा, त्यासाठी मॉस्कोला हजार खेपा घाला. फक्त त्या बाईच्या देशाला दाराबाहेर बसवून बोलू नका, आणि गॅसचा विषय त्या टेबलावर आणू नका. २०२७ पर्यंत रशियन गॅस पूर्ण थांबवायचा कायदा युरोपने केलाय. हंगेरी, स्लोव्हाकिया कितीही ओरडोत, तो पाळा.